टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर: एकदा बांधलेले इंजिन किती किलोमीटर चालावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००३ सालची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, म्हणजे कंपनीचे नाव बजाज टेम्पो असतानाची. फोर्स मोटर्स हे नाव २००५ मध्ये आले. गाडी पूर्वी एका कारखान्याच्या कामगारांना ने-आण करीत असे. २०१५ मध्ये ती घेतली, आसने काढली आणि आत दोघांच्या झोपण्याची जागा, छोटा ओटा, १०० लिटरची पाण्याची टाकी व दोन बॅटऱ्या बसवून घेतल्या. आम्ही दोघे नवरा-बायको वर्षातून चार-पाच वेळा तिच्यातून निघतो. कोकण, हंपी, गोकर्ण, एकदा कन्याकुमारी.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. पाणी बोनेटच्या वर चढले आणि चार दिवस उतरले नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही चावी लावण्याचा मोह टाळला, गाडी ओढून गॅरेजला नेली आणि इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतले. ब्लॉक पन्नास पॉइंट बोअर केला (म्हणजे सिलिंडर ०.५० मिमीने मोठे केले), पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या, क्रँक एक साइज ग्राइंड केला, हेडला फेसिंग केले आणि ऑइल पंप बदलला. इंजिन जुनेच, मर्सिडीजच्या परवान्यावरचे ओएम ६१६, चार सिलिंडरचे.

त्यानंतर गाडी ४१,००० किमी चालली आहे. गेल्या दिवाळीपासून ती ऑइल खाऊ लागली असून आता दर ९०० किमीला साधारण एक लिटर भर घालावी लागते. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर येतो. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून नुसते ठेवले, तर ते थडथड उडते. मागच्या महिन्यात गणपतीपुळ्याहून परतताना कुंभार्ली घाट चढवताना गाडीने अक्षरशः दम टाकला.

एक मिस्त्री म्हणतात की एकदा उघडलेले इंजिन पन्नास हजारांवर चालतच नाही, त्यामुळे त्याचे आयुष्य संपले असे समजावे. दुसरे म्हणतात की जुन्या बाजारातून चालू इंजिन आणून टाकावे. माझे दोन प्रश्न आहेत. नीट बांधलेल्या इंजिनाकडून किती किलोमीटरची अपेक्षा धरणे रास्त आहे? आणि माझे इतक्या लवकर का गेले असावे?

पसरणी_घाट (वाई)

आमच्या घरच्या तीन ट्रॅव्हलर वाई-पाचगणी-महाबळेश्वर या भागात पर्यटकांसाठी धावतात, म्हणून अनुभवावरून लिहितो. त्यांतील दोन गाड्यांची इंजिने एकेकदा बांधलेली आहेत. पहिल्या गाडीने बांधणीनंतर २ लाख १० हजार किमी काढले आणि दुसरी १ लाख ६० हजारांवर आहे. अजून ऑइल टाकावे लागत नाही. त्यामुळे पन्नास हजारांची मर्यादा मला मान्य नाही.

मात्र आमच्या गाड्या रोज चालतात. सकाळी सुरू झालेले इंजिन रात्रीच बंद होते, ऑइल रोज पूर्ण तापते आणि दर १०,००० किमीची सर्व्हिस दोन-अडीच महिन्यांत येतेच. आपली गाडी वर्षात सहा-सात हजार किमी चालून उरलेला काळ उभी राहते. आपण ऑइल किलोमीटरवर बदलता की वर्षावर? पावसाळ्यात गाडी उभी असताना अधूनमधून सुरू करून ठेवता का?

कृष्णाकाठ

ऑइल दरवर्षी दसऱ्याला बदलतो, किलोमीटर कितीही झालेले असोत. पावसाळ्यात दर रविवारी दहा-पंधरा मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवतो, म्हणजे बॅटरीही चार्ज राहते.

बोअरगेज (मिरज)

मी ३४ वर्षे मशिन शॉपमध्ये बोअरिंग, होनिंग आणि क्रँक ग्राइंडिंग केले. आता निवृत्त आहे. कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, पण अर्धवट सांगितले तर त्यांचा पुन्हा तोच खर्च होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

ओएम ६१६ हे जुन्या पद्धतीचे प्रीचेंबर (डिझेल आधी पेटते तो छोटा कप्पा) असलेले, टर्बो नसलेले, जेमतेम सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीचे इंजिन आहे. त्याच्यावर ताण कमी पडतो आणि त्यातील लोखंड चांगले आहे. असे इंजिन मापात बांधले, तर दोन लाख किमीपर्यंत त्याच्याकडे बघायची वेळ येऊ नये. पन्नास हजारांत गेलेली इंजिने मीही ढिगाने पाहिली आहेत. त्यांतील फारच थोडी बोअरिंग किंवा पिस्टनच्या दोषाने गेली होती. बहुतेक इंजिने, जे भाग उघडलेच नव्हते त्यांनी मारली होती. आपल्याकडे इंजिन बांधणे म्हणजे ब्लॉक, हेड आणि क्रँक एवढेच धरतात. रेडिएटर, हवेचा पाइप, नोझल (डिझेल फवारणारे), डिझेलचा पंप, ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) हे सगळे जसेच्या तसे परत लावतात, कारण ते ‘इंजिनाबाहेरचे’ असते. नव्या रिंगा मग जुन्या घाणीतच कामाला लागतात.

आता आपल्या गाडीकडे येतो. चार दिवस पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाडीत माझी पहिली शंका हवेच्या मार्गावर आहे. कृष्णेच्या पुराचे पाणी उतरल्यावर घरात भिंतींवर काय राहते, हे सांगलीकराला सांगायला नको. पिठासारखा मऊ, करडा गाळ. तोच गाळ एअर फिल्टरच्या डब्यात, डब्यापासून मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळापर्यंत) जाणाऱ्या रबरी पाइपात आणि मॅनिफोल्डच्या आत बसलेला असतो. फिल्टर नवा टाकला तरी फिल्टरच्या पुढचा गाळ थेट सिलिंडरमध्ये जातो. वरच्या रिंगेसाठी तो पॉलिश पेपर आहे.

आपण गॅरेजला जाण्याआधी स्वतः एक काम करावे. फिल्टरच्या डब्यापासून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी पाइप दोन्ही क्लिपा सोडून काढावा. आत पांढरे धुतलेले फडके बोटाला गुंडाळून फिरवावे. मग पाइप हाताने वाकवून, उजेडाकडे धरून त्याच्या घड्यांमध्ये चीर आहे का ते पाहावे. फडक्यावर काय आले, ते इथे लिहावे.

दर रविवारी दहा मिनिटे इंजिन जागेवर चालवण्याची सवय मात्र आजपासून सोडावी, ही कळकळीची विनंती. थंड डिझेल इंजिन बिनओझ्याचे चालते, तेव्हा डिझेल पूर्ण जळत नाही आणि भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ ऑइल न तापल्यामुळे आतच राहते. सिलिंडरच्या भिंतीवरची होनिंगची जाळी (ऑइल धरून राहावे म्हणून मुद्दाम काढलेल्या बारीक रेघा) हळूहळू गुळगुळीत होते आणि मग रिंग ऑइल धरत नाही. गाडी सुरू करायचीच असेल तर महिन्यातून एकदा तिला तीस किलोमीटर फिरवून आणावे. ते जमत नसेल तर तिला शांत उभी राहू द्यावी आणि बॅटरीला घरून चार्जर लावावा.

कराडचा_मॅटॅडोर

बोअरगेज काकांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. आमच्या वडिलांची मॅटॅडोर एफ ३०७ याच इंजिनाची होती. ती दोनदा बांधली. पहिली बांधणी रेडिएटरने खाल्ली, कारण वीस वर्षे त्यात शेतातल्या बोअरचे पाणी भरले जात होते. दुसऱ्या वेळी वडिलांनी रेडिएटरचे रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतले, नवा थर्मोस्टॅट लावला आणि कूलंटशिवाय थेंबभर पाणी आत जाऊ दिले नाही. ती बांधणी गाडी विकेपर्यंत टिकली.

यवतेश्वर (सातारा)

माझा धाकटा भाऊ जर्मनीत असतो आणि त्याच्याकडे १९८० च्या दशकातली फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरची कॅम्पर आहे, मागे इंजिन असलेली. त्या गाड्यांत पाण्याने थंड होणारे जे पेट्रोल इंजिन आले, त्याचे हेड कूलंटकडे दुर्लक्ष झाले की आतून गंजते आणि गॅसकेटपाशी गळू लागते. तिकडचे जुने मालक इंजिन बांधले की किलोमीटर विचारत नाहीत, कूलंट कधी बदलले ते विचारतात, असे तो सांगतो. गाडी कॅम्पर असली की ती उभी जास्त राहते, आणि उभ्या गाडीचे शत्रू चालत्या गाडीहून वेगळे असतात. आपल्या धाग्यातही मुद्दा तिकडेच वळतो आहे, म्हणून लिहिले.

आपल्या भागातील पाण्याबाबतही कराडकरांचे म्हणणे खरे आहे. नदीकाठची पाणथळ, क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथल्या बोअरच्या पाण्यात किती क्षार असतात ते ठाऊक आहे. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

कृष्णाकाठ

बोअरगेज काका, आज सकाळी पाइप काढला.

फडके पहिल्याच फेऱ्यात काळे-करडे झाले. ब्रीदरची नळी त्याच पाइपात येत असल्याने आत तेलाचा ओलावा होता आणि त्यात गाळ कालवून मलमासारखा थर बसलेला होता. बोटांत चोळून पाहिला तर कणकण लागतो. पाइपाच्या खालच्या बाजूला दुसऱ्या घडीत साधारण दोन इंच लांबीची चीर आहे. पाइप सरळ असताना ती दिसतच नाही. वाकवला की उघडते. इंजिन हलले की ती उघडत असणार. आमचा रस्ता हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागून जातो, त्यामुळे किती धूळ आत गेली असेल याची कल्पनाही करवत नाही.

२०१९ मध्ये हा पाइप बदलला नव्हता. बिल काढून पाहिले. त्यात एअर फिल्टर आहे, पाइप नाही. तेव्हा मी गॅरेजमध्ये रोज जाऊन बसत होतो, पिस्टनच्या पेटीवरचे नाव वाचत होतो, पण हा पाइप माझ्या डोळ्यांसमोर परत लागला आणि मला काही वाटले नाही, याचे वाईट वाटते.

बोअरगेज

वाईट वाटून घेऊ नका. पाइपाकडे मालकाचे लक्ष जात नाही, म्हणूनच ते बांधणाऱ्याचे काम असते.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब धरतो ते, तपासून घ्यावे. चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्यावेत. एकेका आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. तीन बारपेक्षा जास्त फरक असेल तर उघडावे लागेल. फरक नसेल आणि सगळेच थोडे खाली असतील, तर पाइप बदलून, ऑइल बदलून अजून काही काळ सावकाश चालवता येईल.

जुन्या बाजारातील इंजिनाबद्दलही सांगतो. ते ज्याने विकले त्याने का काढले, हे आपल्याला कधीच कळत नाही. आपला ब्लॉक एकदाच पन्नासला गेलेला आहे. पुढे शंभरची साइज आहे आणि त्यानंतरही स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायची नवी नळी) टाकून स्टँडर्डवर, म्हणजे मूळ मापावर, येता येते. ज्याचा सगळा इतिहास आपल्याला माहीत आहे, असा ब्लॉक घरात असताना परका आणू नये.

एमएच_दहा (सांगली)

इंजिन बदलले तर त्याचा नंबर आरसी बुकवर चढवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी जुन्या इंजिनाच्या मालकीची कागदपत्रे लागतात. भंगारातून आणलेल्या इंजिनाची ती मिळणे कठीण. आपला ब्लॉक ठेवला तर नंबर तोच राहतो आणि हा प्रश्नच येत नाही. पंधरा वर्षे झालेल्या गाडीचे नोंदणी-नूतनीकरण दर पाच वर्षांनी येते, तेव्हा तपासणीत चेसिस आणि इंजिन नंबर पाहतात, हे लक्षात ठेवावे.

कृष्णाकाठ

कॉम्प्रेशनचे आकडे: पहिला १९, दुसरा १८, तिसरा १५, चौथा १४ बार. इंजिन उघडायचे ठरले.

या वेळी हेड उतरल्यावर मिरजेच्या बोअरगेज काकांना विनंती करून बोलावले. ते आले याबद्दल त्यांचे आभार शब्दांत मानता येणार नाहीत. त्यांनी चौथ्या सिलिंडरच्या वरच्या कडेवरून माझ्या अंगठ्याचे नख खाली ओढायला सांगितले. नख एका पायरीवर अडकले. वरची रिंग जिथपर्यंत जाते, तिथे भिंत झिजून खोल गेली होती आणि तिच्या वरचा, रिंग न पोहोचणारा कडेचा भाग तसाच उभा होता. मग त्यांनी बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजायचे साधन) आत सोडले. वर ०.१८ मिमी झीज, मधे ०.०९, तळाशी ०.०३. वरची रिंग काढून सिलिंडरच्या तळाशी, न झिजलेल्या जागी सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला, १.५ मिमी! नवीन असताना ती फट ०.४ च्या आसपास असायला हवी होती. खालच्या रिंगा त्या मानाने बऱ्या होत्या.

बोअरगेज

हे आकडे मुद्दाम सर्वांनी पाहावेत. झीज वर जास्त, तळाशी जवळजवळ नाही आणि वरची रिंग सर्वांत जास्त खाल्लेली, याचा अर्थ माती वरून, हवेबरोबर आली. ऑइलमधून आली असती तर बेअरिंग आणि क्रँक आधी गेले असते. कृष्णाकाठ यांच्या क्रँकवर मोठे ओरखडे नाहीत. फक्त पॉलिश करून त्याच साइजची नवी बेअरिंग बसतील. म्हणजे २०१९ मधील बोअरिंग आणि ग्राइंडिंग ज्यांनी केले, त्यांचे हात चांगले होते. गाडी त्यांच्या कामामुळे गेलेली नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

पुढच्या बांधणीत कृष्णाकाठ यांनी मशिन शॉपकडून लेखी मापे घ्यावीत, एवढा आग्रह धरतो. प्रत्येक सिलिंडर वर, मधे आणि खाली, आणि तेही आडवा-उभा अशा दोन दिशांनी मोजलेला असावा. पिस्टन आणि भिंत यांतील फट, रिंगेची फट आणि प्रत्येक मेन बेअरिंगची फट लिहिलेली असावी. कागद देण्यास जो कारागीर कुरकुरतो, त्याने मोजलेले नसते. जो मोजतो, तो आनंदाने देतो, कारण त्याला स्वतःच्या कामाचा अभिमान असतो.

आणि बाहेरचे सगळे याच वेळी करावे. नोझल चाचणीला पाठवावेत, कारण थेंब गाळणारा एक नोझल भिंतीवरचे ऑइल धुऊन काढतो आणि पिस्टनचा माथा जाळतो. पंप कॅलिब्रेट करून घ्यावा. टायमिंग चेनची ढिलाई पाहावी. रेडिएटर रॉडिंगला द्यावा, सगळे होज बदलावेत. हवेचा पाइप नवा, क्लिपा नव्या, फिल्टरचा डबा आणि मॅनिफोल्ड केरोसीनने धुऊन वाऱ्याने कोरडा केलेला.

पसरणी_घाट

बांधल्यानंतर पहिले दोन हजार किमी चाळीसच्या वर जाऊ नये, असे आमचे जुने मिस्त्री सांगत. आम्ही ते अजून पाळतो.

बोअरगेज

जुन्या मिस्त्रींचा मान राखून या मुद्द्यावर मी वेगळे सांगेन. रिंग भिंतीवर बसते ती ज्वलनाच्या दाबाने. गाडी सतत चाळीसने, रिकामी, नाजूक पायाने चालवली तर तो दाब मिळत नाही, रिंगा बसत नाहीत आणि भिंत चकचकीत होते. पहिले २० मिनिटे गळती, तापमान आणि ऑइल प्रेशर पाहावे आणि मग लगेच रस्त्यावर काढावी. वेग बदलत राहावा. तिसऱ्यात मध्यम ओझ्याने चढवावी, मग पाय सोडून उतरवावी, पुन्हा चढवावी. एकाच वेगाने महामार्गावर तासन्‌तास जाऊ नये आणि टॉप गिअरमध्ये इंजिनाला रडवू नये. सुरुवातीला साधे मिनरल ऑइल वापरावे आणि ते ५०० किमीला बदलावे. हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे का, हे कोणते बोल्ट आणि गॅसकेट वापरले त्यावर ठरते. ते बांधणाऱ्याकडून लिहून घ्यावे.

पसरणी_घाट

पटले. पसरणी घाटात आमचा अनुभवही याच्याशी जुळतो. जो चालक तिसऱ्यात ओढत नेतो, त्याचा तापमानाचा काटा पाचगणीजवळच्या हॅरिसन फॉलीच्या आधीच वर जातो. जो लगेच दुसरा टाकून इंजिन मोकळे फिरू देतो, त्याचा काटा जागचा हलत नाही, कारण पंखा आणि पाण्याचा पंपही तेवढेच जोरात फिरतात. कृष्णाकाठ यांच्या गाडीत फर्निचर, टाकी आणि बॅटऱ्यांचे ओझे कायमचे आहे, त्यामुळे त्यांनी गिअर लवकर खाली आणावा. पाण्याची टाकीही घाट चढून झाल्यावर वर भरता येते. शंभर किलो विनाकारण चढवू नयेत.

कृष्णाकाठ

आज महिनाभराने लिहितो आहे. ब्लॉक शंभरला बोअर झाला, मापांचा कागद मिळाला आणि तो लॅमिनेट करून गाडीच्या कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. चार नोझलपैकी एक गळका निघाला, चौथ्या सिलिंडरचा. रेडिएटरच्या एक तृतीयांश नळ्या बंद होत्या, त्यामुळे रॉडिंगऐवजी कोअरच नवी टाकली. हवेचा पाइप बसवण्यापूर्वी मी स्वतः पांढरे फडके आत फिरवले आणि ते पांढरेच बाहेर आले.

रनिंग-इन (नवे बांधलेले इंजिन रुळवणे) सांगली ते तासगाव, विटा आणि परत असे, चढ-उताराच्या रस्त्यावर केले. ५०० किमीला ऑइल बदलले. ते पारदर्शक बाटलीत दोन दिवस ठेवून पाहिले तेव्हा तळाशी थोडी चमक होती, ती रिंगा बसतानाची असल्याचे काकांनी सांगितले. ११०० किमीला पुन्हा बदलले, तेव्हा चमक जवळजवळ नव्हती. आज गाडी १,९०० किमीवर आहे. डिपस्टिकवरची पातळी हललेली नाही आणि सैल ठेवलेले झाकण जागेवर बसून राहते.

यापुढे ५,००० किमीला कॉम्प्रेशन पुन्हा मोजून चारही आकडे याच धाग्यावर लिहीन. पुढच्या शनिवारी कुंभार्लीमार्गे गुहागरला निघतो आहोत. टाकी चिपळूणला भरू.